भाडेकरूसकट घेतलेलं घर: महिन्या-महिन्याचं भाडं रीतसर कसं संपवायचं

घर विकत घेतलं किंवा वडिलांच्या पश्चात नावावर आलं, आणि आत आधीपासून कुणीतरी राहतंय. जुना करार कधीच संपलेला. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं खात्यात जमा होतं, मोबाइलवर ‘रेंट’ एवढाच शेरा येतो आणि सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. पुढे स्वतःला राहायला जायचं असतं किंवा घर रिकामं करून विकायचं असतं. मग कुणीतरी सांगतं, “महिन्याची नोटीस द्या, जातील.”

महाराष्ट्रात हे वाक्य अर्धंच खरं आहे. इथे ‘महिन्या-महिन्याचं भाडं’ या एकाच नावाखाली कायद्याच्या तीन-चार वेगळ्या स्थिती येतात. एकीत नोटीस दिली की हक्क संपतो. दुसरीत नोटीस देऊन काहीच साधत नाही, उलट समोरचा सावध होतो. म्हणून नोटिशीचा मसुदा शोधण्याआधी एक गोष्ट ठरवायची: आत राहणारा माणूस कायद्याच्या नजरेत कोण आहे?

आधी कागद गोळा करा

जुन्या मालकाकडून किंवा घरातल्या कपाटातून जे मिळेल ते काढा: करार, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), भाडेपावत्यांची पुस्तकं, डिपॉझिट घेतल्याची नोंद, पोलीस ठाण्याला दिलेली भाडेकरूची माहिती, सोसायटीला दिलेलं पत्र. नोंदणीकृत कराराची प्रत हरवली असेल तर दस्त क्रमांक आणि वर्षावरून नोंदणी कार्यालयातून नक्कल काढता येते. या शोधात आळस करू नका. पुढचा सगळा मार्ग कराराच्या कागदावर ठरतो.

पहिली शक्यता अशी की नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार सापडला आणि त्याची मुदत संपून गेलेली आहे. तुम्ही नशीबवान आहात. राहणारा माणूस ‘लायसन्सी’ आहे. त्याला घर वापरण्याची परवानगी होती आणि ती संपली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (पुढे नुसता ‘भाडे कायदा’) च्या कलम २४ मध्ये राहत्या घरासाठी याचा वेगळा, जलद मार्ग दिलेला आहे.

दुसरी शक्यता, करारच नाही. तोंडी बोली, किंवा पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी केलेला ‘अकरा महिन्यांचा’ कागद. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आली आहे. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून लोकांनी अकराचा आकडा धरला. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ त्याच्याही पुढे जातं: भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम मालकाचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा मालकाला आहे. तेव्हा ‘कागद नाही म्हणजे त्याला हक्क नाही’ असं मनात असेल तर ते काढून टाका. इथे कागद नसण्याचा तोटा तुम्हालाच होतो.

तिसरी शक्यता, जुनी इमारत, पागडीची खोली, भाडं दोन-चारशे रुपये. पागडीच्या भाडेकरूची पावतीही दर महिन्याचीच फाडली जाते, पण म्हणून तो महिन्याच्या नोटिशीने जात नाही. त्याला भाडे कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, आणि त्याच्या निधनानंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयालाही ते मिळतं. अशी जागा हातात आली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पागडीची प्रकरणं हाताळणारा वकील गाठा.

चौथी शक्यता घरापेक्षा ऑफिस-गाळ्यांत जास्त दिसते: भाडेकरू बँक, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपनी किंवा एक कोटी वा अधिक भरणा झालेलं भांडवल असलेली कंपनी. यांना कलम ३ ने भाडे कायद्याच्या संरक्षणातून वगळलं आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे महिन्याची भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने खरोखर संपते ती अशा ठिकाणी. भाडे कायदा ज्या शहरा-गावांना लागू आहे त्यांची यादी त्याच्या परिशिष्टांत आहे. तुमचं गाव त्यात नसेल तरी हाच नियम. गोव्यातल्या वाचकांसाठी मात्र इमारत भाड्याचा १९६८ चा कायदा वेगळा आहे आणि मुंडकारांसाठी (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठी) १९७५ चा आणखी वेगळा, त्यामुळे इथली कलमं तिकडे लावू नका.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरत असतात. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय त्यातली एकही मुदत तुम्हाला किंवा भाडेकरूला बांधत नाही.

नवा मालक म्हणून स्वतःची बाजू पक्की करा

भाडेकरूच्या लेखी मालक कोण? कालपर्यंत ज्याला भाडं दिलं तो. त्यामुळे पहिलं पत्र घर सोडायला सांगणारं नको, ओळख करून देणारं हवं: अमुक तारखेच्या नोंदणीकृत खरेदीखताने मी हे घर घेतलं, यापुढची रक्कम या खात्यात भरावी. शक्य असेल तर त्यावर जुन्या मालकाचीही सही घ्या. हा निव्वळ शिष्टाचार समजू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ नुसार, मालक बदलल्याचं माहीत नसलेल्या भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं तर ते तुम्ही पुन्हा मागू शकत नाही. विक्रीआधीची थकबाकीही खरेदीखतात तुमच्या नावे लिहून दिल्याशिवाय तुमची होत नाही.

डिपॉझिटचं काय झालं, हे खरेदीच्या वेळीच विचारायला हवं. जुन्या मालकाने घेतलेले पन्नास हजार किंवा लाख रुपये त्याच्याकडेच राहिले आणि विक्रीच्या हिशेबात वळते झाले नाहीत, तर घर सोडताना भाडेकरू तुमच्या दारात उभा राहील, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. व्यवहार अजून पूर्ण झाला नसेल तर ही रक्कम किमतीतून कापून घ्या आणि तसं खरेदीखतात लिहा. खरं तर बयाण्याच्या आधी विक्रेत्याला सांगायचं वाक्य एकच: घर रिकामं करून द्या, मगच खरेदीखत.

लायसन्सच्या बाबतीत आणखी एक बारकावा. वहिवाट हक्क अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे मालमत्ता विकली गेली की खरेदीदार जुन्या मालकाने दिलेल्या लायसन्सला आपोआप बांधील राहत नाही. हे वाचून काही जण थेट कुलूपवाल्याला फोन लावतात. तसं करता येत नाही. का, ते पुढे येईल.

वारसाने घर आलं असेल तर सोसायटीच्या नोंदीत तुमचं नाव नॉमिनी म्हणून असणं पुरत नाही. नॉमिनी हा मालक नव्हे. नोटिशीवर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, नाहीतर भाडेकरूचा वकील पहिल्याच तारखेला ‘बहिणीची संमती कुठे आहे?’ विचारेल. परदेशातून हे सगळं हाताळत असाल तर भावाला किंवा वकिलाला कुलमुखत्यारपत्र द्या. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल (त्या देशाच्या सरकारचा प्रमाणशिक्का) करून पाठवा आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत हमखास चुकते, आणि मग ऐन अर्जाच्या वेळी कागद अडतो.

बोलून पाहा, पण तारखेनिशी

नोटिशीच्या आधी जाऊन भेटा. बहुतेक घरं बोलण्यातूनच रिकामी होतात. समोरचं कुटुंबही अडचणीत असतं: मुलांच्या परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, दुसऱ्या घराचं डिपॉझिट जमवायचं, दलाली द्यायची, टेम्पोचा खर्च. डिसेंबरात ‘जानेवारी अखेर घर सोडा’ म्हणण्यापेक्षा ‘१५ मेपर्यंत राहा, पण आत्ता लिहून द्या’ हे जास्त वेळा जमतं. डिपॉझिटमधला काही भाग आधी देण्याची तयारी ठेवा. नव्या घराच्या टोकनला त्यांना तोच पैसा लागतो. सामान हलवण्याचा खर्च तुम्ही उचललात तर तो कज्ज्याच्या एका वर्षाच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी पडेल.

जे ठरेल ते एका पानावर लिहा: घर सोडण्याची तारीख, तोपर्यंतची दरमहा रक्कम, डिपॉझिट कधी आणि किती परत, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. लायसन्सीसाठी एवढं बऱ्यापैकी पुरतं. भाडे कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूशी तडजोड झाली तर भाडेहक्क सोडल्याचा दस्त वकिलाकडून करून नोंदवा, किंवा दावा चालू असेल तर न्यायालयात संमतीचा हुकूमनामा घ्या. दारातल्या तोंडी तडजोडीवर पैसे देऊन मोकळे होऊ नका.

नोटीस कशी लिहायची

बोलणी फिसकटली किंवा लांबत चालली तर लेखी नोटीस. मुदत संपलेल्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्ससाठी मजकूर साधारण असा:

“सदनिका क्र. ___, ___ सोसायटी, ही मिळकत मी दि. ___ च्या नोंदणीकृत खरेदीखताने विकत घेतली असून याबाबत आपणांस दि. ___ च्या पत्राने कळविले आहे. आपण दस्त क्र. ___, दि. ___ अन्वये लायसन्सी म्हणून सदर सदनिकेत राहत आहात. लायसन्सची मुदत दि. ___ रोजी संपली असून ती वाढविण्यात आलेली नाही. मुदतीनंतर आपणांकडून आलेली रक्कम माझे हक्क अबाधित ठेवून, जागेच्या वापराची भरपाई म्हणून स्वीकारली आहे. त्यामुळे कोणताही नवा करार वा भाडेहक्क निर्माण होत नाही. तरी ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सदनिकेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा द्यावा. थकीत वीजबिल व देणी वजा जाता अनामत रक्कम ताबा देतेवेळी परत करण्यात येईल.”

यातलं ‘हक्क अबाधित ठेवून’ वाक्य वगळू नका. मुदत संपल्यावरही मालक दर महिन्याला गुमान पैसे घेत राहिला, की ‘नवा तोंडी करार झाला, मी आता भाडेकरू आहे’ असा वाद उभा करायला जागा मिळते. पैसे नाकारायचीही गरज नाही. ज्या दिवशी जमा होतील त्या दिवशी ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर हेच एक वाक्य पाठवत राहा.

वरच्या चौथ्या शक्यतेतली कलम १०६ ची नोटीस असेल तर किमान पंधरा दिवस द्या. २००२ च्या दुरुस्तीनंतर हे दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात, आणि ती भाडेमहिन्याच्या अखेरीलाच संपली पाहिजे हा जुना दंडक उरलेला नाही. प्रत्यक्षात महिनाभर द्यावा. दिवसांच्या मोजणीवरून वाद कशाला?

नोटीस लेखी आणि सही केलेली हवी. ती पोस्टाने पाठवता येते, भाडेकरूच्या हातात देता येते, त्याच्या घरच्या माणसाकडे किंवा नोकराकडे देता येते; यातलं काहीच जमलं नाही तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवता येते. जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, म्हणून खिडकीवर स्पीड पोस्ट मागताना नोंदणी आणि पोहोच या जोडसेवाही मागून घ्या. पावती, ट्रॅकिंगचं पान आणि पाकिटाची छायाप्रत एकत्र ठेवा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर फोडू नका. ते बंद पाकीटच पुढे पुरावा म्हणून दाखवायचं असतं.

तरीही नाही हलले तर

लायसन्सी असेल आणि घर राहतं असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. कोकण विभागाचं हे कार्यालय मुंबईत वांद्र्याला आहे. अर्जासोबत नोंदणीकृत करार, मालकीचा कागद, नोटीस आणि तिची पोहोच लावा. लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून ‘मी भाडेकरूच होतो, लायसन्स नावापुरतं’ हा बचाव इथे सहसा टिकत नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लायसन्सीला प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते; नाही मागितली तर अर्जातला मजकूर त्याला मान्य आहे असं धरून आदेश होऊ शकतो. या आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण (रिव्हिजन). मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. महिना वीस हजार फी असेल तर चाळीस. अर्ज होण्याआधीच हा आकडा ठळकपणे कळवला की बऱ्याच जणांना पटकन घर सापडतं.

दुकान किंवा ऑफिसचं लायसन्स असेल तर हा मार्ग नाही. मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र तिथल्या लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो.

आता अवघड गट: भाडे कायद्याचं संरक्षण असलेला, महिन्याने भाडं देणारा भाडेकरू. वरच्या दुसऱ्या शक्यतेतला माणूस बहुधा इथेच येतो. इथे भाडेदारी संपवल्याच्या नोटिशीवर ताबा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच व्ही. धनपाल चेट्टियार प्रकरणात सांगितलं आहे की भाडे कायदा लागू असेल तिथे कलम १०६ ची नोटीस आवश्यक नाही. ताब्यासाठी त्या कायद्यात दिलेलं कारणच सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे ही कारणं कलम १५ आणि १६ मध्ये आहेत. विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवला, जागेची नासधूस केली, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरलीच नाही, ही त्यातली काही. नव्या मालकांच्या कामी येणारी मुख्यतः दोन.

एक, थकबाकी. भाडं थकलं की लगेच दावा करता येत नाही. लेखी मागणी करा आणि नव्वद दिवस थांबा. दावा लावल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी, त्यावर सालीना १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला तर या कारणावर ताबा मिळत नाही. म्हणजे पैसे वसूल होतात, घर रिकामं होईलच असं नाही.

दोन, स्वतःची गरज. ती वाजवी आणि खरी हवी. मुलाचं लग्न ठरलंय आणि दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, ही गरज. रिकामं घर जास्त किमतीला जातं ही गरज नव्हे. गरज सिद्ध झाली तरी न्यायालय दोन्ही बाजूंना होणारा त्रास तोलतं: घर दिलं नाही तर तुम्हाला जास्त की दिलं तर त्याला? म्हणून तुमची सध्याची जागा, कुटुंबातली माणसं, दुसरं घर आहे की नाही, याचे कागद पहिल्या दिवसापासून जमवा. आणि दुसरं घर लपवू नका. उलटतपासणीत ते निघतंच. हे दावे वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा वर सांगितलेल्या तडजोडीचा हिशेब या गटात पुन्हा एकदा करून पाहा.

या गोष्टी करू नका

वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढून ठेवणं, लिफ्ट बंद करवणं. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे कायद्याच्या कलम २९ ची स्पष्ट मनाई आहे आणि तो गुन्हा आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवता येतो, आणि तिथे तुमच्या मालकीचा मुद्दा विचारातच घेतला जात नाही. म्हणूनच कुलूपवाल्याला फोन नको. सोसायटीच्या सेक्रेटरीला मध्ये घालून ‘त्यांचं पार्किंग बंद करा’ म्हणणं हेही याच जातीचं.

उलट बाजूला, ‘बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो’ या भीतीने घाईही करू नका. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा मालकाच्या विरोधातला ताबा होत नाही, तो कितीही वर्षांचा असला तरी.

ताबा घेताना

दिवसा भेटा, घर रिकामं असताना, आणि डिपॉझिट तिथेच हातात ठेवा किंवा मोबाइलवरून पाठवा. चाव्या आणि पैसे एकाच बैठकीत. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. शेवटचं बिल अजून यायचं असेल तर मागच्या तीन बिलांची सरासरी कापा आणि तसं लिहा. पाइप गॅसचं बिल लोक विसरतात. रंग उडालेली भिंत आणि नळाची झीज ही वापरातली झीज आहे, तिचे पैसे कापायला जाऊ नका. फुटलेलं बेसिन वेगळं.

ताबा पावतीत तारीख, वेळ, चाव्यांची संख्या, मीटरचा आकडा, परत दिलेली रक्कम आणि ही ओळ असू द्या: “सदनिकेत माझे कोणतेही सामान राहिलेले नाही व सदनिकेवर माझा कोणताही हक्क उरलेला नाही.” पोटमाळ्यावर एखादी ट्रंक राहिलीच असेल तर तिचा फोटो काढून, नेण्याची तारीख पावतीतच लिहून घ्या. सह्या घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांच्या घ्या, फक्त कर्त्याची नको. त्याच दिवशी सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला पत्र देऊन कळवा.

न्यायालयातून ‘स्वतःची गरज’ म्हणून घर मिळवलं असेल तर एक अट पुढेही लागू राहते. ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात तुम्ही राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत ते दुसऱ्या कुणाला दिलंत, तर जुना भाडेकरू न्यायालयात जाऊन ते घर परत मागू शकतो. रंगकाम लांबतंय म्हणून महिना उलटून जाऊ देऊ नका, आणि रेशनकार्ड, गॅसजोडणी, वीजबिल यांवर हाच पत्ता लवकरात लवकर चढवून घ्या.